पगार कुठपर्यंतचा असतो?

गणपतीला अजून दीड महिना आहे, पण आमच्या मंडळाच्या मिटिंगा दरवर्षीसारख्या आत्ताच सुरू झाल्यात आणि यंदा वर्गणी, डीजे, मूर्तीची उंची सगळं बाजूला राहून एका सत्कारावरून भांडण लागलंय. शेजारच्या गावचा एक पोरगा नेव्हीत हेलिकॉप्टरवर डायव्हर आहे, म्हणजे समुद्रात जहाज अडचणीत आलं की दोरीला लटकून खाली उतरणारा माणूस. त्याचा, आणि जमलं तर त्याच्या सगळ्या क्रूचा यंदा कराडात सत्कार करू असं एकानं सुचवलं आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते त्यात काय एवढं, ड्युटी आहे त्याची, पगार घेतो, पुढं पेन्शन आहे. दुसरी म्हणते देशासाठी जीव धोक्यात घालणाऱ्याबद्दल असं बोलवतं कसं तुम्हाला. तीन मिटिंगा झाल्या, आवाज चढत गेले, एक नाना तर उठून घरी गेले, पण समुद्रावर हेलिकॉप्टरमधून माणूस उचलतात तरी कसा हे दोन्हीकडच्या एकानंही विचारलं नाही. मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला.

माझं मत सरळ सांगतो. सत्कार झाला पाहिजे, आणि तो पायलट किंवा डायव्हर एकट्याचा न होता हेलिकॉप्टरमधल्या सगळ्यांचा आणि ते हेलिकॉप्टर उडण्याजोगं ठेवणाऱ्या मेकॅनिकचासुद्धा झाला पाहिजे. ड्युटी म्हणून नको म्हणणारे चुकतायत. पण नुसतं देशभक्ती म्हणून करा म्हणणारेही मुद्द्याला हात घालत नाहीत, कारण त्यांना त्या पोरानं काय केलं यापेक्षा त्यानं कुठला युनिफॉर्म घातलाय त्याचंच जास्त आहे. पगार त्या माणसाला जहाजाच्या वरपर्यंत नेतो. तिथून खाली डेकपर्यंतचे जे पन्नास-साठ फूट असतात ते कुठल्याच पगारात बसत नाहीत, आणि सत्कार करायचा तो त्या पन्नास-साठ फुटांचा.

ते फूट कसे असतात ते आधी बघू. जहाज बंद पडलंय, लाटांवर डावी-उजवीकडं झोके खातंय, डेकवर मास्ट, क्रेन, वायरी. त्याच्यावर हेलिकॉप्टर एका जागी थांबवायचं, ज्याला हॉवर म्हणतात. जमिनीवर हॉवर करताना पायलटला झाड, घर, खांब असं काहीतरी स्थिर दिसत असतं, समुद्रावर स्थिर काहीच नाही, खालचं जहाजपण हलतंय आणि पाणीपण हलतंय, रात्र असेल तर आभाळ कुठं संपलं आणि समुद्र कुठं सुरू झाला तेसुद्धा कळत नाही. बरं, ज्या जागी माणूस उतरवायचा ती जागा पायलटला दिसतच नाही कारण ती बरोबर हेलिकॉप्टरच्या पोटाखाली येते. दारात आडवा होऊन खाली बघणारा विंच ऑपरेटर, म्हणजे केबल वर-खाली करणारं यंत्र चालवणारा, त्याला सांगत असतो, थोडं पुढं, थोडं उजवीकडं, आता स्थिर, आणि पायलट त्या आवाजावर चालतो. केबलच्या टोकाला डायव्हर. हेलिकॉप्टरच्या अंगात उडताना स्टॅटिक करंट साठतो म्हणून हुक आधी पाण्याला नाहीतर डेकला टेकवायचा, मग हात लावायचा. आणि त्या विंचला केबल तोडायची सोय असते. म्हणजे केबल जहाजाच्या मास्टमध्ये नाहीतर वायरीत अडकली तर सगळं हेलिकॉप्टर खाली ओढलं जाऊ नये म्हणून वरून ती तोडून टाकता येते. केबलला लटकलेल्या माणसाला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. त्याला माहीत असतं की वेळ आली तर वरचा दोस्त बटण दाबणार, आणि वरच्याला माहीत असतं की ते आपल्यालाच दाबावं लागणार. एवढं माहीत असून तो दारातून पाय बाहेर सोडतो.

आता ड्युटीच्या मुद्द्याकडं येतो, कारण तो फालतू मुद्दा नाही, उलट विरोधात सगळ्यात वजनदार तोच आहे आणि खुद्द सरकारचा नियमसुद्धा त्याच बाजूला उभा राहतो. जीवन रक्षा पदक म्हणून आपल्याकडं १९६१ पासून सन्मान आहे, दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला मिळतो, बुडताना काढलेल्या पोरांपासून आगीत शिरलेल्या शेजाऱ्यापर्यंत. सैन्य, पोलीस, फायर ब्रिगेडवाल्यांनापण ते मिळू शकतं, पण ड्युटीबाहेर काम केलं असेल तरच. मग आमच्या मंडळातला माणूस वेगळं काय म्हणतोय? पण त्याच सरकारकडं शौर्यचक्र आहे, नौसेना मेडल आहे, तटरक्षक मेडल आहे, आणि ती ड्युटीवर असताना दाखवलेल्या धाडसालासुद्धा मिळतात. ओखी वादळात मच्छिमारांना उचलल्याबद्दल नेव्हीच्या कॅप्टन पी. राजकुमार यांना शौर्यचक्र मिळालं. त्याच राजकुमार यांनी २०१८ च्या केरळच्या पुरात घरं आणि झाडांच्या मध्ये सी किंग हेलिकॉप्टर थांबवून २६ माणसं वर घेतली. त्याच पुरात कमांडर विजय वर्मांनी एका गरोदर बाईला उचललं, तिला त्याच दिवशी मुलगा झाला, त्यांना नौसेना मेडल मिळालं. ड्युटीवर नव्हते का हे दोघं? तेव्हा पगार आणि सन्मान एकमेकांच्या आड येतात असं सरकारसुद्धा मानत नाही. बाहेरच्या माणसासाठी एक माप आहे, ड्युटीवरच्या माणसासाठी दुसरं, आणि दुसरं माप जास्त कडक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जुनं उदाहरण घ्या. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्री, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप इकडून तिकडं पोचवणं ही त्यांची ड्युटी. सोबतचे बहुतेक सगळे पडले तेव्हा त्यांनी जखमी माणसांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, पेरलेल्या सुरुंगांमधून पलीकडं नेलं आणि नंतर एकट्यानं मशिनगनच्या तीन चौक्या उडवल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडं ही गोष्ट सांगताना मशिनगनचा भाग रंगवून सांगतात, पाण्यातून माणसं वाहून नेल्याचा भाग एका वाक्यात उरकतात. मला वाटतं आमच्या मंडळातली गडबड इथूनच सुरू होते. मारताना दाखवलेलं धाडस आपल्याला लगेच ओळखता येतं, वाचवताना दाखवलेलं धाडस दिसलं की आपण विचारतो, पगार किती? साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. ती माणसं इंग्रजांच्या पगारावरच गेली होती. त्या दगडापुढं उभं राहून कोणी पगाराचं बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि आपला हा भाग तर अशा दगडांचाच. वाई तालुक्यातल्या किकलीला जाऊन या, भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ रांगेनं उभ्या आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला माणूस, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा. पुष्कळ ठिकाणच्या वीरगळांवर खाली गाई कोरलेल्या असतात, म्हणजे तो माणूस गावची गुरं सोडवताना मेला. कुठला राजा नाही, कुठला सरदार नाही, नावसुद्धा राहिलेलं नाही, पण गावानं खर्च करून दगड घडवला. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेल्या वीरगळ आहेत. तेव्हा राखण करताना जीवावर उदार झालेल्याला गावानं मान द्यायचा ही पद्धत काही मंडळांनी काढलेली नाही, ती मंडळांच्या शेकडो वर्षं आधीची आहे.

दुसरा मुद्दा एका तात्यांनी मांडला आणि त्यावर टाळ्या पडल्या. समुद्र कुठं, सातारा कुठं? आपल्याला पूर माहीत, तर आपल्या पुरात होड्या घालणाऱ्यांचा आधी करा. यातलं दुसरं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली, आणि त्या आठवड्यात ज्या नावाड्यांनी, ज्या पोरांनी ट्यूब आणि गुळाच्या काहिली, म्हणजे मोठ्या कढया, पाण्यात ढकलून म्हातारी माणसं काढली त्यातल्या कितीजणांची नावं आपल्याला आज सांगता येतील? २०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात बस गेली तेव्हा खोल दरीत उतरून तीस मृतदेह वर काढायला ट्रेकर्सची पोरं दोर लावून गेली होती, त्यांचंही तेच. हे व्हायला पाहिजे होतं, झालं नाही, आणि यात आम्हा सगळ्यांची चूक आहे. पण म्हणून हेलिकॉप्टरवाल्यांना रांगेत मागं उभं करायचं हे कुठलं गणित? केरळनं २०१८ ला स्वतःच्या होड्या ट्रकवर घालून आलेल्या मच्छिमारांचा जाहीर सत्कार केला, आणि त्याच केरळात ज्या घरावरून वर्मांनी बायकांना उचललं त्या घराच्या गच्चीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरात थँक्स लिहिलं गेलं. दोन्ही झालं. एकामुळं दुसऱ्याचं काही कमी झालं नाही.

आणि समुद्र आपला नाही हे तर मुळातच खरं नाही. कान्होजी आंग्र्यांची सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, १७१३-१४ मध्ये मान्य केली ती साताऱ्याच्या शाहू महाराजांनी, बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्रातच जातं. हे झालं लांबचं. जवळचं सांगायचं तर आपल्या सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतली आयटीआय केलेली पोरं वेल्डर, फिटर, रिगर म्हणून ऑफशोअरला जातात, तेलाच्या विहिरींवर, बार्जवर म्हणजे कामगार राहतात त्या सपाट जहाजावर, महिना-महिना घराबाहेर. माझ्या मावसभावाचा मुलगा गेली चार वर्षं जातोय. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, त्याच्यावर २६१ माणसं होती. तो पोरगा त्या बार्जवर नव्हता, दुसऱ्या कामावर होता, पण त्याची आई दोन दिवस फोन हातात धरून बसली होती आणि घरात कोणी जेवलं नव्हतं. त्या घराला जाऊन सांगा की समुद्र आपला नाही.

पी-३०५ चा विषय निघालाच आहे तर त्यावरून विरोधकांचा जो मुद्दा मिटिंगमध्ये कोणी मांडलाच नाही पण मांडायला पाहिजे होता तो मीच मांडतो, कारण तो खरा अवघड आहे. सत्कारानं चूक झाकली जाते. वादळाचा इशारा आधीच आला होता, तरी तो बार्ज समुद्रात राहिला, नांगर तुटला, बार्ज वाहत गेला, बुडाला, सत्तरच्या वर माणसं गेली. वाचलेल्यांमधले बहुतेकजण आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता अशा जहाजांनी खवळलेल्या पाण्यातून वर घेतले, हेलिकॉप्टरही नंतर शोधात होती. अशा वेळी वाचवणाऱ्यांचे फोटो पेपरात भरून आले की वाचवायची वेळ आणली कुणी हा प्रश्न आतल्या पानात जातो. हे होतं, आपण बघितलंय. शूर माणसाच्या मागं बेजबाबदार माणूस लपतो.

पण याचा उपाय सत्कार बंद करणं आहे का? मला उलटं वाटतं. १२ फेब्रुवारी १९८३ ला अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मरीन इलेक्ट्रिक नावाचं कोळशाचं जहाज बुडालं. ३४ माणसं होती, तीन वाचली. हेलिकॉप्टर पोचलं होतं, पाळणा खाली सोडला होता, पण बर्फासारख्या पाण्यात माणसांची बोटंच चालेनात, पाळण्यात चढता येईना. नेव्हीचा एक पोहणारा त्या पाण्यात उतरून जमेल तेवढं करत राहिला. तिथल्या लोकांनी त्या एका माणसाचं कौतुक करून विषय संपवला नाही. कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरवर पाण्यात उतरणारा माणूस का नव्हता हे विचारलं आणि त्यातून रेस्क्यू स्विमर हे पदच तयार झालं, आणि जुनी जहाजं चालवण्याचे नियमही कडक झाले. एकाचं धाडस नीट बघितलं तर त्याला इतकं धाडस करावं का लागलं हे दिसतंच. नीट बघायचंच नाही ठरवलं तर शाल द्या किंवा देऊ नका, काही फरक पडत नाही.

आपल्याकडं हे नीट बघणं किती गरजेचं आहे ते सांगतो. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री कोस्ट गार्डचं ध्रुव जातीचं हेलिकॉप्टर पोरबंदरजवळ समुद्रात हरी लीला नावाच्या टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला गेलं आणि पाण्यात पडलं. चौघं होते. एक वाचला, तिघं गेले, पायलटचा मृतदेह महिन्याहून जास्त दिवसांनी सापडला. एका अनोळखी माणसाला दवाखान्यात पोचवायला गेले होते ते. चारच महिन्यांनी, ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरलाच कोस्ट गार्डचं आणखी एक ध्रुव पडलं, परत तिघं गेले, आणि मग देशातला ध्रुवचा सगळा ताफा जमिनीवर आणला. त्याच्या आधी २०२३ च्या मार्चमध्येसुद्धा एक मुंबईजवळ समुद्रात उतरवावं लागलं होतं, एक कोचीला पडलं होतं. आणि बरेच वर्षं समुद्रातून माणसं उचलणारं आपलं दुसरं हेलिकॉप्टर म्हणजे चेतक, ज्याचं मूळ फ्रेंच डिझाइन १९५९ साली पहिल्यांदा उडालं आणि ज्याला इंजिन एकच. हॉवरमध्ये असताना ते एक इंजिन गेलं तर पायलटच्या हातात किती सेकंद राहतात ते तुम्हीच बघा. म्हणून मी म्हणतो की स्टेजवर मेकॅनिकला बसवा, आणि आमदार-खासदार येणारच आहेत तर त्यांच्यासमोर त्या पोरांच्या मशीनचं बोला. शाल पांघरून मशीनचा प्रश्न गप्प करायचा असेल तर मी स्वतः त्या सत्काराच्या विरोधात हात वर करीन.

आणखी एक शंका एका शिक्षकांनी हळू आवाजात काढली, ती मला आवडली. असे सत्कार झाले की पोरं नको तिथं धाडस करायला लागतात, पुराच्या पाण्यात उड्या मारतात, मग त्यांनाच काढायला दुसरे लागतात. खरं आहे, दर पावसाळ्यात आपण हे बघतो. पण हेलिकॉप्टरच्या क्रूची गोष्ट नीट सांगितली तर त्यात उडी मारण्यापेक्षा मोजणं जास्त निघतं. इंधन किती, परतीला किती लागणार, वारा कुठला, किती माणसांचं वजन झालं, अजून एक फेरी बसते का. ठरलेल्या इंधनाखाली गेलं की खाली माणूस हात हलवत असला तरी वळावं लागतं, नाहीतर वाचवलेलेसुद्धा जातात. ते वळणं किती जड जात असेल याचा विचार मी केलाय, मला ते झेपलं नसतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये झारखंडात त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेत अडकलेल्यांना वायुसेनेनं हेलिकॉप्टरनं काढलं, चाळीसच्या वर माणसं सुटली, आणि वर घेताना दोन माणसं खाली पडून गेली. त्या क्रूला त्या दोघांचं ओझं कायमचं आहे. अशा माणसांना स्टेजवर बोलवायचं तर त्यांच्या तोंडून हेसुद्धा ऐकायची तयारी पाहिजे, कुठं जमलं नाही, कुठं परत फिरावं लागलं. साताऱ्यात देशातली पहिली सैनिक स्कूल आहे, १९६१ ची, गावागावात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर पळत असतात. त्यांनी हे ऐकलं तर ती जास्त शहाणी होतील, वेडं धाडस करणार नाहीत.

शेवटी रूपाचं बोलू, कारण सत्कार स्वस्त झालेत ही तक्रार बरोबरच आहे. वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, प्रत्येकाच्या गळ्यात हार. त्या पंगतीत या माणसांना बसवू नये. माझी मंडळाला एवढीच विनंती आहे की फ्लेक्सवर आमचे कोणाचेही फोटो नकोत, भाषणं दोनच, आणि एक तास त्या क्रूला सांगू द्या की ते काम कसं करतात, पोरांना प्रश्न विचारू द्या. त्याच स्टेजवर २०१९ च्या पुरातल्या नावाड्यांना बोलवा, यादी काढायला मी आणि अजून दोघं गावोगाव फिरायला तयार आहोत.

परवा त्या पोराला मी फोन केला होता. सत्काराचं ऐकून तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, काका, मला एकट्याला बोलवणार असाल तर मी सुट्टी टाकत नाही. माझा विंच ऑपरेटर ओडिशाचा आहे, त्याला मराठी येत नाही, पण मी खाली असतो तेव्हा दारात तोच असतो, आणि मेकॅनिक आहेत ते केरळचे, रात्री दोनला उठून मशीन बघतात. ते येणार असतील तर येतो, आणि निवेदनाला हिंदी येणारं कोणीतरी ठेवा. मी हो म्हणून बसलोय, रविवारच्या मिटिंगला तेवढं सगळ्यांनी मान्य करा.